सोवळे आणि पवित्र : ख्रिस्ती धर्मातील एका कल्पनेचा विचार

धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात रुडॉल्फ ओटो या जर्मन पंडिताचे नाव आपल्याला घ्यावेच लागते. 'पवित्र' या कल्पनेवरचा त्याचा ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध झाला. मनुष्य जेव्हा 'पवित्रा'समोर उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात दोन भाव एकाच वेळी उठतात, असे ओटो म्हणतो. एक थरकापाचा, दुसरा ओढीचा. मागे सरावेसे वाटते आणि पाय तर निघत नाही. आपल्याकडील वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपदर्शन आठवले म्हणजे पुरे. खुद्द ओटोनेही त्या अध्यायाचा दाखला घेतला आहे. अर्जुनाने जे पाहावयास मागितले तेच पाहून तो कापू लागतो आणि देवाला पुन्हा आपले नेहमीचे, सौम्य रूप घ्यावयास विनवतो.

परीक्षेपुरते एवढे पुरते. पण ख्रिस्ती धर्मशास्त्राची काही पुस्तके चाळताना मला एक विधान वारंवार भेटू लागले, आणि ते ओटोच्या चौकटीत सहजासहजी बसेना. विधान असे की, देव पवित्र आहे म्हणूनच मनुष्याला त्याच्याशी सहभागिता साधता येते. 'पवित्र असूनही' असे म्हटले असते तर समजले असते. देव फार थोर आहे, तरीही दयाळू आहे, हे सगळेच धर्म सांगतात. परंतु येथे 'म्हणूनच' असा शब्द आहे. जी गोष्ट मनुष्याला दूर ठेवते असे आपण मानतो, तीच त्याला जवळ आणते असा हा दावा आहे. तो खरा मानावा की नाही हा श्रद्धेचा प्रश्न झाला. मी ख्रिस्ती नाही. आमचे घराणे बौद्ध आहे. तो दावा कोणत्या अर्थाने मांडला आहे आणि त्यात काही तर्क आहे का, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

तपासावयाचे म्हटले तरी मी तटस्थ आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. आमच्या घरात 'पवित्र' हा शब्द फारसा उच्चारला जात नाही, आणि त्याला कारण आहे. माझी आजी लहानपणी ज्या गावात वाढली, त्या गावच्या विहिरीवर तिला घागर लावता येत नसे. कुणी वरून पाणी ओतले तर ओंजळ धरावयाची, नाही ओतले तर उन्हात बसून राहावयाचे. विहीर बाटेल, हे कारण. म्हणजे तेथे काहीतरी पवित्र होते आणि ते आजीच्या स्पर्शापासून जपावयाचे होते. अशा घरातल्या मुलीला कुणी सांगू लागले की पावित्र्य हे जवळ येण्याचे साधन आहे, तर तिने ते निमूटपणे ऐकून घेऊ नये हेच बरे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. आपल्या भाषेत शुद्धतेसाठी दोन निरनिराळे शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. एक 'सोवळे', दुसरा 'पवित्र'. सोवळे हे नेहमी धोक्यात असते. ते नेसून बसलेल्या माणसाला सगळ्या जगापासून सांभाळून राहावे लागते. मूल धावत येऊन बिलगले, वाळत घातलेले वस्त्र कुणाला लागले, की ते गेलेच. जितके सोवळे कडक तितके ते अधिक नाजूक. 'पवित्र' या शब्दाची घडण मात्र वेगळी आहे. संस्कृतात 'पू' म्हणजे शुद्ध करणे. खणण्याचे साधन ते खनित्र, तसे शुद्ध करण्याचे साधन ते पवित्र. ऋग्वेदात सोमरस ज्या लोकरीच्या गाळणीतून गाळीत तिला 'पवित्र' म्हटले आहे, आणि आजही धार्मिक कृत्यात बोटात घालतात त्या दर्भाच्या वळ्याला तेच नाव आहे. गाळणी गाळाला भिऊन दूर राहू लागली तर ती गाळणी कसली? गाळ अडवणे हेच तिचे काम. व्युत्पत्तीने पाहता पवित्र म्हणजे जे स्वतः शुद्ध राहते एवढेच नव्हे. त्याच्यातून जे जाते तेही शुद्ध होऊन बाहेर पडते.

बायबलच्या जुन्या करारातील मूळ इब्री शब्दाचा, 'कादोश'चा, अर्थ 'वेगळा केलेला, राखून ठेवलेला' असा सांगतात. आरंभी तो सोवळ्याच्या बाजूला झुकणारा आहे हे उघड आहे. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी 'पवित्र' हा शब्द रूढ केला. त्यांच्या मनात गाळणी होती असे मी म्हणत नाही. पण निवडलेला शब्द अनेकदा निवडणाऱ्यापेक्षा शहाणा निघतो, आणि येथे तसेच झाले आहे असे मला वाटते.

हे दोन अर्थ केवळ कोशातले नाहीत; ते आपल्या पाण्यातही आहेत. वाशीमचे पद्मतीर्थ आपण सर्वांनी पाहिले आहे. जुन्या गॅझेटियरात त्याची एक आख्यायिका नोंदलेली आहे. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठरोग झाला होता. नगराबाहेरच्या एका डबक्यात त्याने स्नान केले आणि तो बरा झाला. मग त्याने ते डबके वाढवून त्याचा तलाव केला. या कथेतले पाणी कसे आहे पाहा. कोडी मनुष्य त्यात उतरला म्हणून पाणी बाटले असे कथा म्हणत नाही. पाण्याने कोड धुतले असे म्हणते. आता दुसरे पाणी. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर ते तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. एक पाणी रोग्याला बरे करते आणि दुसरे पाणी निरोगी माणसाने ओंजळभर घेतल्याने आजारी पडते. दोन्ही पाणी एकाच भाषेच्या प्रदेशातले आणि दोन्हींना पवित्र म्हणणारी माणसेही बहुधा एकाच समजुतीची. पहिले पाणी खरोखर पवित्र आहे. दुसऱ्याला फार तर सोवळे म्हणता येईल.

आता मूळ प्रश्न असा मांडता येतो : बायबलातील देव यांपैकी कोणत्या पाण्यासारखा आहे?

जुना करार वाचू लागले की प्रथम उत्तर दुसऱ्या पाण्याच्या बाजूने येते. मोशेला जळत्या झुडपापाशी जोडे काढावयास सांगितले जाते आणि तो भयाने तोंड झाकून घेतो. दाविदाच्या काळी कराराचा कोश गाडीतून नेत असता बैल अडखळतात. उज्जा नावाचा मनुष्य कोश पडू नये म्हणून हात लावतो आणि जागीच मरतो. त्याचा हेतू चांगला होता, पण हेतू विचारलाच गेला नाही. यरुशलेमच्या मंदिराची रचनाही पाहा. बाहेर अंगण, आत पवित्रस्थान, त्याच्याही आत पडद्यामागे परमपवित्रस्थान. तेथे एकट्या मुख्य याजकाने जावयाचे, तेही वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन. महारोग्यासंबंधीचे लेवीयाच्या पुस्तकातील नियम तर वाचवत नाहीत. त्याने फाटके कपडे घालावे, केस मोकळे सोडावे, ओठावर पांघरूण घ्यावे, आपण अशुद्ध आहोत असे ओरडत जावे आणि छावणीबाहेर एकटे राहावे. गळ्यात मडके आणि पाठीमागे झाडू बांधून चालणाऱ्या माणसाची गोष्ट बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६च्या निबंधात सांगितली आहे. ती वाचलेल्या माणसाला लेवीयाचे हे पान परके वाटणार नाही.

मात्र येथे यहुदी धर्मावर अन्याय होऊ नये म्हणून एक भेद सांगितला पाहिजे. लेवीयातील अशुद्धता जन्माने येत नाही. ती राजालाही येते, याजकालाही येते. बाळंतिणीला येते, प्रेताला खांदा देणाऱ्यालाही येते, आणि ठराविक विधीनंतर जाते. महारोगी बरा झाला तर त्याला परत आत घेण्याचा विधी पुढच्याच अध्यायात सविस्तर दिला आहे. शिवाय ज्याला तेथे महारोग म्हटले आहे त्यात त्वचेचे अनेक विकार येतात. कपड्यावरच्या आणि भिंतीवरच्या बुरशीलाही तोच शब्द आहे. तेव्हा आपल्या जातिव्यवस्थेशी त्याची बरोबरी करणे चूक ठरेल. जातीला परत येण्याचा विधी नाही.

या भीतीच्या वातावरणातच एक प्रसंग असा येतो की तेथून दिशा बदलू लागते. उज्जीया नावाचा राजा होता. तो बलाढ्य झाला, उन्मत्त झाला आणि याजकांचा अधिकार डावलून धूप जाळण्यासाठी मंदिरात शिरला. तेथेच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो निराळ्या घरात राहिला. आपला वासुकी कोडी होता आणि पवित्र जलाने बरा झाला. हा उज्जीया बरा होता आणि पवित्र स्थानात शिरून कोडी झाला. कथा अगदी उलटी. पण यशया संदेष्ट्याला जो साक्षात्कार झाला तो नेमका या उज्जीयाच्या मृत्यूच्या वर्षी झाला, असे यशयाच्या सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत नोंदलेले आहे. ही नोंद केवळ कालनिर्देश म्हणून केली असेल असे मला वाटत नाही. यशया देवाला उंच सिंहासनावर पाहतो, सराफीम देवदूत त्याच्या पावित्र्याचा तीन वेळा घोष करीत आहेत, उंबरठे हादरताहेत. यशयाला वाटते, आपण संपलो, कारण आपले ओठ अशुद्ध आहेत. ओठ झाकून 'अशुद्ध' म्हणून ओरडणाऱ्या महारोग्याचीच ही भाषा आहे. उज्जीयाचे झाले तेच आता आपले होणार, अशी त्याची खात्री आहे. आणि मग वेदीवरचा निखारा चिमट्यात धरून एक देवदूत येतो व तो त्याच्या ओठांना लावतो. यशया मरत नाही. त्याचा दोष दूर झाला असे त्याला सांगण्यात येते, आणि लगेच देव विचारतो की मी कुणाला पाठवू? ज्याने क्षणापूर्वी मरणाची वाट पाहिली तो म्हणतो, मला पाठव.

या प्रसंगातील एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे. यशया स्वतः शुद्ध होऊन आत गेलेला नाही. त्याने स्नान केले नाही, प्रायश्चित्त घेतले नाही. शुद्ध करणारी वस्तू पवित्र स्थानाच्या आतून, वेदीवरून, बाहेर त्याच्याकडे आली. निखारा भाजतो हेही खरे. ओटोचा थरकाप येथे पुसला गेलेला नाही. पण आग आता पहारेकरी राहिली नाही, वैद्य झाली.

तरीही जुन्या करारात नियम नियमच राहतो. हाग्गय संदेष्टा याजकांना एक शास्त्रार्थ विचारतो. कुणी आपल्या पदरात यज्ञाचे पवित्र मांस बांधून नेले आणि त्या पदराचा भाकरीला किंवा तेलाला स्पर्श झाला, तर ते पदार्थ पवित्र होतात काय? याजक म्हणतात, नाही. आणि प्रेताला शिवलेल्या माणसाने त्यांना स्पर्श केला तर ते अशुद्ध होतात काय? याजक म्हणतात, होतात. विटाळ पसरतो, पावित्र्य पसरत नाही. जगातल्या सर्व सोवळ्याचा पाया हाच आहे. आजीच्या गावच्या विहिरीचे शास्त्रही हेच होते. तिच्या घागरीने सगळे पाणी बाटत होते, आणि एवढ्या मोठ्या विहिरीच्या सगळ्या पाण्याने तिची एक घागर शुद्ध होत नव्हती.

येशूचे वैशिष्ट्य कशात, असे मला कुणी विचारले तर मी त्याच्या प्रवचनांपेक्षा मार्कच्या शुभवर्तमानातील दोन स्पर्शांकडे बोट दाखवीन. पहिल्या अध्यायात एक महारोगी त्याच्यापुढे गुडघे टेकतो. तुझी इच्छा असेल तर मला शुद्ध करशील, असे म्हणतो. येशू शब्दानेच बरे करू शकला असता. इतरत्र त्याने तसे केल्याच्या कथा आहेत. येथे तो हात पुढे करून आधी त्याला स्पर्श करतो. पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक बाई गर्दीतून मागून येते आणि चोरून त्याच्या वस्त्राला हात लावते. शास्त्राप्रमाणे तिच्या स्पर्शाने तो अशुद्ध व्हावयाचा. प्रत्यक्षात ती बरी होते. हाग्गयाच्या प्रश्नाला याजकांनी दिलेले उत्तर येथे उलटे फिरले आहे. तेथे पदराच्या स्पर्शाने पावित्र्य पसरत नव्हते. येथे ते वस्त्राच्या काठातूनही पसरले. आणि बाईने स्पर्श लपविला होता तरी येशू तिला गर्दीतून शोधून काढतो, मुली म्हणून हाक मारतो. नुसती बरी करून सोडत नाही, नाते जोडतो. 'सहभागिता' या जड शब्दाचा अर्थ मला त्या एका हाकेत अधिक स्पष्ट दिसला.

येथपर्यंत आल्यावर 'म्हणूनच' या शब्दाचा उलगडा होऊ लागतो, आणि त्यासाठी दृष्टान्त हवा असेल तर तो वाशीम शहरातच आहे. येथील मिशन दवाखाना, म्हणजे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, जिल्ह्यातल्या जुन्या पिढीला चांगला ठाऊक आहे. माझ्या आईचा जन्म तेथलाच. तो चालविणारे चर्च ऑफ द नाझरीन हे ख्रिस्ती पंथांतही ज्यांना 'पावित्र्यवादी' म्हणतात त्या परंपरेतले. अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली याच्या शिकवणुकीतून ही परंपरा निघाली. तिचे अनेक गट १९०८ साली अमेरिकेत एकत्र आले आणि हे चर्च उभे राहिले. त्यांपैकी एका गटाचे मिशनरी त्याआधीच, १८९८ साली, भारतात आले होते. पुढे बुलढाणा आणि १९३०च्या दशकात वाशीम ही त्यांची प्रमुख केंद्रे झाली. १९३६ साली डॉ. ऑर्फा स्पायकर ही तरुण अमेरिकन डॉक्टर आली आणि मुलींच्या शाळेच्या एका जुन्या इमारतीत तिने दवाखाना उभा केला. रस्ते धड नाहीत, वीज नाही, अशा काळात सुरुवात करून सुमारे चार दशके ती येथे राबली. पुढे परिचारिकांचे शिक्षणही तेथे सुरू झाले. देवाचे पावित्र्य हाच ज्यांच्या शिकवणुकीचा मुख्य विषय, त्यांनी आपल्या गावात येऊन जखमांना हात लावण्याचे काम काढले, हा योगायोग मला वाटत नाही.

शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरताना सर्जन काय करतो? हात कोपरापर्यंत घासून घासून धुतो, निर्जंतुक झगा घालतो, हातमोजे चढवितो, आणि मग कशालाही शिवत नाही. दारसुद्धा दुसऱ्याने उघडावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, काय हे कडक सोवळे! परंतु ते कशासाठी असते? रोग्यापासून दूर राहण्यासाठी नव्हे. रोग्याच्या उघड्या जखमेत हात घालता यावा म्हणून. ज्याचे हात मळलेले आहेत तो कितीही प्रेमळ असो, त्याने जखमेला हात लावू नये हेच हिताचे. प्रेम आहे पण हात स्वच्छ नाहीत, असा मनुष्य जखमेजवळ बसून रडू शकतो; बरे करू शकत नाही. आत जाण्याचा अधिकार स्वच्छतेनेच मिळतो. देव पवित्र आहे म्हणूनच जवळ येऊ शकतो, याचा अर्थ मी असा लावते. दृष्टान्त सर्वांगाने जुळत नाही हे खरे. सर्जनचे मोजे रक्ताने भरतात आणि टाकून द्यावे लागतात. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाच्या हाताला तसे होत नाही. पण दिशा बरोबर आहे.

यापेक्षा अवघड प्रश्न पापाचा आहे. जखम रोग्याने स्वतः केलेली नसते. पाप आपण करतो. मग पवित्र देवाने पापी माणसाजवळ का यावे? होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात याचे एक विलक्षण उत्तर आहे. देव आपल्या लोकांवर संतापला आहे. त्यांना शिक्षा करण्याचे योजतो आणि मग त्याचे अंतःकरण आतल्या आत पालटते. शिक्षा न करण्याचे कारण तो देतो ते असे की, आपण मनुष्य नाही, देव आहोत, त्यांच्यामध्ये असलेला पवित्र आहोत. सामान्य तर्काने येथे 'पवित्र आहे म्हणून मी सोडणार नाही' असे यावयास हवे होते. होशेय म्हणतो, सूड घेणे ही माणसाची रीत आहे, आणि देव माणसापेक्षा वेगळा आहे तो येथेच. 'कादोश' म्हणजे वेगळा. पण कशात वेगळा, हे होशेयाने सांगितले. तो अंतराने वेगळा नाही, क्षमेने वेगळा आहे.

परंतु क्षमा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाची कसोटी येथे आहे. समजा, देव इतका उदार आहे की त्याला कशाचेच काही वाटत नाही. आजीला विहिरीवरून हाकलणाराही त्याला चालतो आणि आजीही चालते. असा देव हाकलणाऱ्याला सोयीचा आहे. आजीने त्याच्याशी काय म्हणून सहभागिता करावी? ज्याला अन्यायाचा विटाळ वाटत नाही त्याच्याजवळ अन्याय सोसलेल्या माणसाने बसण्यात अर्थ नाही. पवित्र देव पापाला पाप म्हणतो, त्याच्याकडे पाहून रागावतो. दुर्बळाच्या बाजूने पाहिले तर हीच त्याच्या पावित्र्यातली पहिली आशेची गोष्ट आहे. ख्रिस्ती लोक क्रुसाचे जे विवरण करतात ते मला या वाटेने थोडेफार समजले. त्यांच्या मते पाप क्षुल्लक म्हणून सोडून दिले गेले नाही. त्याची पूर्ण किंमत मोजली गेली, आणि मोजली ती ज्याचा अपराध झाला त्यानेच. हा हिशेब मला सर्वस्वी पटला आहे असे मी म्हणणार नाही. एकाच्या अपराधाचे दुसऱ्याने भोगावे, हे कर्मविचारात वाढलेल्या मनाला अवघड जाते. पण सर्व काही चालवून घेणाऱ्या देवापेक्षा हा देव अधिक गंभीर आहे, एवढे निश्चित. मंदिरातील तो पडदा येशूच्या मृत्यूच्या क्षणी वरपासून खालपर्यंत फाटला, असे मार्क लिहितो. वरपासून, म्हणजे आतल्याच्या इच्छेने. बाहेरच्या कुणी तो खालून ओढून फाडलेला नाही.

सहभागितेचा आणखी एक भाग आहे आणि तो अनेक प्रवचनांतून निसटतो. योहानाच्या पहिल्या पत्रात देव प्रकाश आहे असे सांगून झाल्यावर आपण अपेक्षा करतो की प्रकाशात चालणाऱ्याची देवाशी सहभागिता होईल. योहान म्हणतो, एकमेकांशी होईल. जॉन वेस्लीलाही एकांतात बसून साधलेले पावित्र्य मान्य नव्हते. त्याच्या लेखी पावित्र्याची पूर्णता म्हणजे प्रेमाची पूर्णता. या मापाने ख्रिस्ती समाजाचा इतिहास मोजला तर तो नेहमीच उजवा ठरत नाही. गोव्यात चर्चमधील बंधुमंडळे जातवार होती. दक्षिणेत उपासनेला जातीप्रमाणे निराळे बसणे आणि प्रभुभोजनाचा प्याला आधी कुणी घ्यावा यावरून तंटे, इतके चालले की कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ साली त्याविरुद्ध कडक पत्रक काढावे लागले. पावित्र्यवादी पंथांत दारू, तंबाखू यांच्यावर बंदी असते. एकेकाळी नाटक-सिनेमाही वर्ज्य असे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या जिल्ह्यात पाहणाऱ्याला पहिल्या दोन नियमांची किंमत कळेल. पण नियमांची यादी लांबू लागली की गाळणीचे पुन्हा सोवळे व्हावयास वेळ लागत नाही, असा धोका त्या पंथांतल्या विचारी लोकांनाही जाणवला असलाच पाहिजे.

या बाबतीत मराठीत लक्ष्मीबाई टिळकांइतका बोलका साक्षीदार नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या काळात नवऱ्याजवळ राहावयास आल्यावरही त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली, आपले सोवळे सांभाळले. 'स्मृतिचित्रे' वाचताना त्या सोवळ्याची ओढाताण आपल्याला हसवते आणि मग एकाएकी गप्प करते. त्यांच्यात प्रथम बदल झाला तो देवाविषयीच्या मतात नव्हे. माणसाच्या हातचे खाण्यापिण्याविषयीच्या मतात झाला. जात माणसाने केली, देवाने नाही, हे मनाला पटले आणि सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्याच्या मागून आला. योहानाच्या पत्रातला क्रम त्यांनी न शिकता जगून दाखविला असे म्हणता येईल. आपल्या संतांनी हा प्रश्न विचारला नव्हता असे मात्र मुळीच नाही. चोखोबांची पत्नी सोयराबाई हिने विटाळावर जो अभंग रचला आहे, तो कोणत्याही धर्मशास्त्र्याने समोर ठेवून उत्तर लिहावे असा आहे. चोखोबांची समाधी पंढरपूरला मंदिराच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. आत जाण्याचे दार सर्वांना उघडे व्हावे म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले.

बौद्ध वाङ्मयात आनंद भिक्षू विहिरीवरच्या चांडाळ मुलीकडे पाणी मागतो ती कथा आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी बाईकडे विहिरीवरच पाणी मागतो. तिचे लोक आणि त्याचे लोक एकमेकांच्या भांड्याला शिवत नसत. दोन्ही मुली आधी त्यालाच बजावतात की मी कोण आहे हे तुला दिसत नाही का! या दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्यात अशी माझी प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना विनंती आहे. आनंदाच्या कथेत देव नाही आणि पावित्र्याची अडचणही नाही. आपण तिची जात विचारली नाही, पाणी मागितले, एवढेच तो म्हणतो. ते उत्तर मला अधिक साधे आणि अधिक जवळचे वाटते, हे लपविण्याचे कारण नाही. पण ज्याला देव मानावयाचा आहे, आणि तोही पवित्र देव, त्याला अडचण ओलांडून जावे लागते. आणि बायबलातील चांगली माणसे ती ओलांडताना दिसतात.

मार्कच्या पहिल्या अध्यायातील महारोग्याच्या गोष्टीचा शेवट पुष्कळजण वाचीत नाहीत. बरा झालेला मनुष्य गप्प राहत नाही; गावोगाव सांगत सुटतो. त्यामुळे येशूला उघडपणे नगरात जाता येईनासे होते आणि तो बाहेर, ओसाड जागी राहू लागतो. म्हणजे ज्याने बाहेर राहावयाचे होते तो आत गेला, आणि ज्याने त्याला हात लावला तो बाहेर राहिला. दोघांनी जागा बदलल्या. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात हेच पुन्हा येते. येशूला मरण आले ते नगराच्या वेशीबाहेर, याची आठवण देऊन पत्रकर्ता आपल्या वाचकांना छावणीबाहेर त्याच्याकडे जावयास सांगतो. परमपवित्रस्थान मंदिराच्या गाभ्यात होते. आता ज्याला भेटावयाचे तो लेवीयाने महारोग्याला नेमून दिलेल्या जागी आहे. आपल्या बोलीत त्या जागेला गावकुसाबाहेर म्हणतात, आणि आजीचे घर तेथेच होते.